कोळशाची तहान आणि कोरडवाहूचं एक पाणी

(अकोले येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज आपण अकोल्यात बसलो आहोत. शेवगाव-पाथर्डीकडून आलेल्या आमच्या भावांनी सकाळी उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न विचारला, की एवढं हिरवं दिसतंय, मग पाण्याची चर्चा इथे कशाला? समशेरपूरकडे, नाहीतर आढळेच्या वरच्या अंगाला चक्कर मारली असती, तर हा प्रश्न पडला नसता. घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो आणि तालुक्याच्या पूर्व भागात माणूस आभाळाकडे डोळे लावून बसतो. धरणं मात्र इथलीच. भंडारदऱ्याचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं, अकरा टी.एम.सी.चं धरण. निळवंडेला १९७० साली मंजुरी मिळाली, आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २०२३ च्या ऑक्टोबरात. मंजुरीच्या साली जन्मलेला पोरगा तोवर त्रेपन्न वर्षांचा झाला होता.

पण आज धरणाचं गाऱ्हाणं मांडायला आम्ही उभे नाही. आज विषय कोळशाचा आहे. कोणी म्हणेल, नगर जिल्ह्यात ना कोळशाची खाण, ना कोळशाची वीज करणारा मोठा सरकारी कारखाना. मग आपला काय संबंध? संबंध कसा आहे तो पाण्याच्या वाटेने जाऊनच पाहू.

अकोल्यात पडलेला थेंब प्रवरेत येतो. हरिश्चंद्रगडाच्या कुशीतून निघालेली मुळाही पुढे प्रवरेलाच मिळते. प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीत जाते आणि तिथून पाणी पैठणच्या नाथसागरात. या जायकवाडीसाठी शेवगाव-नेवाशाची गावं पाण्याखाली गेली, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. जायकवाडीचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून माजलगावच्या धरणापर्यंत जातो. खाली गोदावरीवर मुदगल आणि खडका हे बंधारे आहेत. आणि या सगळ्या पाण्याच्या जाळ्यावर हात ठेवून बसलंय परळीचं औष्णिक वीज केंद्र. म्हणजे जायकवाडीसाठी भंडारदऱ्याचं, निळवंडेचं, मुळेचं पाणी सोडा म्हणून हुकूम निघतो, तेव्हा त्या पाण्याच्या शेवटच्या टोकाला शेतकरी एकटा नसतो. तिथे पिण्याचं पाणी मागणारी शहरं आहेत, कारखाने आहेत, आणि कोळसा जाळून वीज करणारं केंद्रही आहे.

२०१५ साली वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी १२.८४ टी.एम.सी. पाणी सोडण्याचा आदेश झाला. २०१८ साली जवळपास ९ टी.एम.सी. २०२३ साली ८.६ टी.एम.सी., त्यात भंडारदरा-निळवंडेच्या प्रवरा समूहाचा वाटा ३.३६ टी.एम.सी. दर वेळी मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात. नगरचा शेतकरी म्हणतो मराठवाड्याने पाणी पळवलं, मराठवाड्याचा शेतकरी म्हणतो नगर-नाशिकने अडवलं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात तुटीच्या वर्षी वरच्यांनी आणि खालच्यांनी तूट सारखी वाटून घ्यावी असं कलम आहे. ते आमच्या मते न्यायाचंच आहे. खालचाही शेतकरीच आहे, आणि त्याच्या घशाला पडलेली कोरड आपल्याला कळते. पण या भांडणात एक गोष्ट कुणी विचारत नाही. एका धरणातून दुसऱ्या धरणात पाणी गेलं, ते तिथे पोचल्यावर कुणाच्या नावावर चढलं? शेताच्या, की बिगर सिंचनाच्या? शेतकरी शेतकऱ्याच्या छातीवर बसलेला असताना तिसऱ्याचं आरक्षण मात्र बारा महिने शाबूत असतं.

आता कोळशाला पाणी लागतं कशाला, ते समजून घेऊ. पुष्कळांना वाटतं, आगगाडीच्या जुन्या इंजिनासारखं बॉयलरमध्ये पाणी घालायचं, वाफ करायची, चाक फिरवायचं, संपलं. बॉयलरचं पाणी थोडं असतं आणि ते पुन्हा पुन्हा वापरतात. खरं पाणी खाते ती थंड करण्याची कामगिरी. चाक फिरवून झाल्यावर ती वाफ थंड करून तिचं परत पाणी करावं लागतं. त्यासाठी दुसरं पाणी फिरवायचं, ते तापलं की उंच मनोऱ्यांत वरून खाली सोडायचं आणि वाऱ्याने निववायचं. एकलहऱ्याला, परळीला, चंद्रपूरला लांबून दिसतात ते पोटात आवळलेले मोठे मनोरे या कामासाठी आहेत. त्यातून पांढरं जे निघताना दिसतं त्याला आपण धूर म्हणतो. ते धरणातलं पाणी आहे, वाफ होऊन चाललेलं. उरलेलं बरंचसं पाणी राख वाहून न्यायला लागतं. आपल्या देशातल्या कोळशात राख फार, शंभर किलोला तीस-चाळीस किलोपर्यंत. ती पाण्यात कालवून नळाने तलावात नेऊन टाकतात.

हिशेब करू. केंद्र सरकारने २०१५ च्या डिसेंबरात नियम केला, की जुन्या केंद्रांनी एका युनिटला साडेतीन लीटरच्या वर पाणी वापरू नये. २०१७ नंतरच्या केंद्रांसाठी आधी अडीच लीटर म्हटलं, मग २०१८ साली ते तीन लीटर केलं. साडेतीन लीटर म्हणजे काय मोठंसं? आपल्या पाच अश्वशक्तीच्या पंपाने रात्रभरात आठ तासांत तीस युनिट खाल्ले, तर तिकडे शंभर लीटर पाणी गेलं, आणि त्या वेळात आपल्या पंपाने लाखाच्या वर लीटर उपसलं. असा हिशेब साहेब लोक तोंडावर फेकतात, आणि तो खोटा नाही. विजेशिवाय आपलंही भागत नाही, आणि वीज बंद करा असं आम्ही कधी म्हणणार नाही.

पण हजार मेगावॅटचं केंद्र घ्या, ते शंभरातले ऐंशी भाग चालतं असं धरा. दिवसाला ६ कोटी ७२ लाख लीटर पाणी लागलं. दहा हजार लीटरच्या टँकरने मोजायचं तर रोज सहा हजार सातशे टँकर. वर्षाला साधारण २४५ लाख घनमीटर, म्हणजे टी.एम.सी.ला थोडं कमी. आता हेच पाणी आपल्या मापाने मोजा. कर्जत-जामखेडची मालदांडी ज्वारी पोटरीत आली आणि जमिनीतली ओल तुटली, की एक पाणी हवं असतं. एकच. ते मिळालं तर कणीस भरतं, नाही मिळालं तर कडबा तेवढा हाती लागतो. कपाशीला पाते-फुलं लागल्यावर पावसाने ताण दिला तर तेच. असं एक पाणी हेक्टरी सहाशे घनमीटर धरा. वाटेत निम्मं पाणी पाझरलं, उडालं असं मानलं, तरी एका केंद्राच्या वर्षाच्या पाण्यात वीस हजार हेक्टरला, म्हणजे पन्नास हजार एकरांना एक पाणी देता येतं.

इथे कुणीतरी उठून म्हणेल, मग उसाचं काय? त्या पाण्यात जेमतेम बाराशे हेक्टर ऊस होईल, आणि तुमच्या जिल्ह्यात ऊस केवढा! बरोबर आहे. उसाचा हिशेब आपल्याला एक दिवस मांडावाच लागणार आहे, तो आम्ही टाळत नाही. पण फरक लक्षात घ्या. दुष्काळ पडला की पाटाची पाळी रद्द होते, ऊस वाळतो, तोडून चाऱ्याला घालतात. वीज केंद्राच्या पाण्याची पाळी रद्द होत नाही. ते आरक्षित असतं, करार केलेलं असतं, धरण भरो न भरो. भरल्या सालात त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते तुटीच्या सालात, जेव्हा धरणात तळाशी डबकं उरतं आणि त्या डबक्यावर पहिला हक्क कोण सांगतो असा प्रश्न येतो.

हा हक्क त्यांना कसा मिळाला, तो इतिहास आपल्यातल्या तरुण पोरांना ठाऊक असायला हवा. राज्याचं जलधोरण २००३ साली आलं. त्यात पहिला क्रम पिण्याच्या पाण्याचा, ते योग्यच. दुसरा क्रम उद्योगांचा आणि तिसरा शेतीचा. शेतीसाठी म्हणून बांधलेली धरणं, शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन बांधलेली, आणि शेती तिसरी! त्याच सुमारास मंत्र्यांची एक उच्चाधिकार समिती नेमली गेली. कोणत्या धरणातलं किती पाणी शेतीकडून काढून बिगर सिंचनाला द्यायचं, ते ही समिती ठरवू लागली. वास्तविक २००५ च्या कायद्याने हा अधिकार प्राधिकरणाकडे गेला होता. ओरड झाली तेव्हा २०११ साली कायदाच दुरुस्त केला, अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला आणि मागचे निर्णय पदरात बांधून घेतले. त्याच वर्षी, लोकांचा रेटा बघून, धोरणात शेतीला पुन्हा दुसरा क्रम दिला. कागदावर आपण दुसरे झालो. तोवर वाटप उरकलं होतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अप्पर वर्ध्याचं. अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोऱ्याला हे धरण. अमरावती-वर्ध्याच्या कोरडवाहू कापूसवाल्याच्या शेतात पाणी जावं म्हणून ते बांधलं. आत्महत्यांचा जिल्हा म्हणून पंतप्रधानांचं पॅकेज २००६ साली जिथे आलं, तोच हा मुलूख. सिंचनाचा अनुशेष म्हणून ज्याच्या नावाने वर्षानुवर्षं सभागृहात गळा काढला जातो, तोही हाच. आणि नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीत इंडियाबुल्सच्या सोफिया वीज प्रकल्पाला या धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं. तीन टी.एम.सी.च्या वर! प्रकल्प २,७०० मेगावॅटचा मांडला होता. २०१०-११ साली शेतकरी रस्त्यावर आले, न्यायालयात गेले. शेवटी पहिल्या टप्प्याचे १,३५० मेगावॅटचे पाच संच उभे राहिलेच.

सरकार म्हणतं, आम्ही फुकट दिलं नाही, सिंचन पुनर्स्थापनेचा खर्च घेतो. म्हणजे जेवढ्या हेक्टरचं पाणी गेलं तेवढ्या हेक्टरमागे पैसे. आधी ५० हजार, मग १ लाख रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण हे पैसे जातात कुणाकडे? पाटबंधारे महामंडळाच्या तिजोरीत. ज्या शेतकऱ्याच्या चारीला पाणी यायचं होतं आणि आता येणार नाही, त्याच्या हातात एक छदाम पडत नाही. आपली म्हैस दुसऱ्याने विकावी, पैसे तिसऱ्याने मोजून घ्यावेत, आणि आपल्याला सांगावं की सौदा अगदी नियमाने झाला! जमीन घेताना निदान सातबारावरच्या माणसाला नोटीस तरी येते. पाणी जाताना तेवढंही होत नाही, कारण पाण्याला सातबारा नाही.

चंद्रपूर-वणीकडची गोष्ट आणखी वेगळी. तिथे वीजही आहे आणि खाणीही आहेत. उघड्या खाणीचा खड्डा आजूबाजूच्या विहिरींपेक्षा कितीतरी खोल जातो. पाण्याला खाली जाण्यापलीकडे काही कळत नाही, ते शेजारच्या शिवारातून झिरपत खाणीत उतरतं. खाणवाले ते मोटारी लावून रात्रंदिवस उपसतात आणि नाल्यात सोडतात. विहीर आटली म्हणून शेतकरी ती आणखी खोदतो. पण त्याची आणि खाणीची ही शर्यत कर्ज काढून जिंकता येण्यासारखी नाही. वर कोळशाची धूळ. फुटलेल्या बोंडावर ती बसली की पांढरा कापूस काळवंडतो आणि बाजारात व्यापारी बोट लावून भाव पाडतो. कापसाचा भाव आधीच काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे, त्यात हे. नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध २०२२ च्या जुलैत फुटला, तेव्हा राखेचं पाणी नदीनाल्यांत आणि शेतांत शिरलं. राख बसलेली काळी जमीन पुन्हा नांगराखाली आणायची म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच विचारा.

एवढं करून वीज तरी हमखास मिळते का? परळीचंच बघा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून ११३० मेगावॅटचं सगळं केंद्र बंद पडलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच. पुढच्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. चंद्रपूरच्या केंद्रासाठी इरई नदीवर वेगळं धरण आहे, तरीसुद्धा २०१० च्या उन्हाळ्यात तिथले संच बंद ठेवावे लागले. नदी आटते तिथे हजार-हजार मेगावॅटची केंद्रं उभारायची, लांबून कोळसा आणायचा, आणि दुष्काळ आला की शेती आणि वीज दोन्ही गमवायच्या. हा आडाखा कोणा शेतकऱ्याने मांडला असता तर त्याला घरच्या बाईने दारात उभं केलं नसतं.

आता जवळचं बोलू. विश्रामगडावर उभं राहून पलीकडे पाहिलं की सिन्नर तालुका. आपल्यासारखाच पर्जन्यछायेतला. तिथे गुळवंच-मुसळगावच्या शेतकऱ्यांच्या जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेतल्या आणि १,३५० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र उभं केलं. भोवती जाईल तिथे टँकरवर जगणारी गावं, आणि मधे हे केंद्र. पाण्याचं काय, तर नाशिक शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरू म्हणाले. केंद्र बांधून झालं, पण वर्षानुवर्षं त्याची चाकं धड फिरली नाहीत. कर्जं थकली आणि २०२२ साली प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्यात गेलं. जमिनी गेल्या त्या गेल्याच.

सांडपाण्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण हा उपाय चांगला आहे आणि फसवाही आहे. २०१६ च्या जानेवारीत केंद्राच्या वीजदर धोरणात आलं, की पालिकेच्या शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते पाणी वापरलं पाहिजे. नागपूरच्या भांडेवाडीचं रोजचं १३ कोटी लीटर पाणी कोराडीला देण्याची योजना झाली, तेवढं धरणाचं पाणी वाचतं. ठीक आहे. पण नाशिकचं सांडपाणी आजवर कुठे जात होतं? गोदावरीतच ना. खाली नांदूर मधमेश्वर आहे, त्याचे कालवे आहेत, नदीकाठचे पंप आहेत, आणि त्याही खाली जायकवाडी. शहरवाल्याला जे घाण पाणी वाटतं ते खालच्या कुणाच्या तरी हिशेबातलं पाणी असतं. ते वीज केंद्राने उचललं तर तेवढ्या मापाने धरणातलं आरक्षण रद्द झालं पाहिजे आणि ते पाणी नदीला परत मिळालं पाहिजे. सांडपाणीही आमचं आणि धरणातलं आरक्षणही आमचं, असं चालणार नाही. ही अट आम्ही पहिल्यापासून घालायला हवी.

पाणी न खाणारी वीज नाहीच का? इथे अकोल्यातच आहे. भंडारदऱ्याचं पाणी आधी चाकावरून जातं आणि मग नदीत येतं. वीज झाली तरी पाणी जागेवर. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथे वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी नसेल तेव्हा तेच पाणी परत वर चढवतात. सौर पॅनलला काचा धुण्यापुरतं पाणी. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा प्रायोगिक प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला घेतला. दिवसा वीज मिळाली तर रात्री बॅटरी घेऊन साप-विंचवात पाणी भरायला जाणं वाचेल, हा फायदा आम्हाला पाण्याच्या बचतीइतकाच मोठा वाटतो. अर्थात गायरानं काढून घेऊन तिथे पॅनल लावणार असाल, तर मेंढपाळांनाही विचारावं लागेल. तो विषय पाथर्डीच्या बैठकीत निघाला होता, तो पुढे घेऊ.

आता कामाचं. आपल्याकडे कोळशाचं केंद्र नाही म्हणून आपल्या धरणांत बिगर सिंचनाचं आरक्षण नाही, असं समजू नका. माहिती अधिकारात पाटबंधारे विभागाकडे साधा अर्ज करायचा. मुळा, भंडारदरा, निळवंडे, आढळा, यांतलं ज्याच्या त्याच्या भागातलं धरण घ्या. प्रकल्पात बिगर सिंचनाचं आरक्षण किती, कुणाच्या नावे, कोणत्या तारखेला मंजूर, प्रत्यक्ष उचल किती, आणि पुनर्स्थापना खर्च जमा झाला असेल तर तो कशावर खर्चला, एवढं विचारायचं. कालवा सल्लागार समितीची बैठक लागली की पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षाने हा कागद टेबलावर ठेवायचा. पाणी वापर संस्थांना २००५ च्या कायद्याने घनमीटरमध्ये मोजून कोटा देण्याची तरतूद आहे. ज्या संस्थांची नोंदणी रखडली आहे त्यांनी ती आधी पुरी करावी, कारण कोटा कागदावर असेल तरच तो कमी केल्याची तक्रार करता येते.

आणि कुठेही मोठा प्रकल्प येणार असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते, तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अहवालाचा गोषवारा मराठीत ठेवावा लागतो. त्या गोषवाऱ्यात पाणी कुठून आणणार हे एक पान असतं. मांडवात गर्दी करून घोषणा देण्यापेक्षा त्या एका पानावर दहा जणांनी लेखी हरकत घेतली, तर ती इतिवृत्तात राहते आणि न्यायालयात चालते.

कोरडवाहूवाल्यांपैकी काही जण म्हणतील, आमच्या शिवारात पाट कधी आलाच नाही, आम्ही कशाला अर्ज करावा? तुमच्यासाठीच हे सगळं सांगितलं. पाटाखालचा बागायतदार आपली पाळी भांडून घेतो. त्याची संस्था आहे, त्याचा पुढारी आहे. ज्वारी-कपाशीला एक पाणी द्यायचं असं ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी पाणी शिल्लक कुठे आहे हे दाखवावं लागेल, आणि ते या कागदांतूनच दाखवता येईल.

अर्जाचा नमुना चहाच्या वेळी तालुकावार वाटू. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, पोच घ्यायची, तीस दिवस मोजायचे. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना शेवगाव, नेवासा, पाथर्डी, कर्जत, जामखेड आणि अकोले या तालुक्यांनी उत्तरांच्या झेरॉक्स बरोबर आणाव्यात. ज्यांना उत्तर मिळालं नसेल त्यांनी पोचपावती आणावी.